भांडवल परत आलं तरी त्याचा हिशेब राहतो: इन्व्हिटचं वाटप आणि आयकर रिटर्न

पासबुकात एकच ओळ येते. कुठल्यातरी ट्रस्टचं नाव आणि पुढे रक्कम. दर तीन महिन्यांनी ती ओळ दिसते, आणि जून-जुलैमध्ये पेरण्या आटोपून माणूस रिटर्न भरायला आला की त्याच ओळीवर बोट ठेवून विचारतो, ‘हे डिव्हिडंडच ना?’ नसतं. त्या एका ओळीत तीन-चार वेगवेगळ्या जातीचे पैसे असतात आणि आयकर खातं प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. त्यातला सगळ्यात दुर्लक्षित पैसा म्हणजे परत आलेलं भांडवल. आमचा सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच जातो, म्हणून ही पूर्ण प्रक्रिया एकदा सविस्तर लिहितो.

वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात इन्व्हिटची, म्हणजे पायाभूत सुविधांच्या ट्रस्टची, युनिटं आता खेड्यातल्या डिमॅट खात्यांतही दिसतात. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांकडे एकरकमी पैसा आला. निवृत्त शिक्षकांकडे ग्रॅच्युइटी होती. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा थोडं जास्त आणि दर तिमाहीला हातात मिळणारं काहीतरी अनेकांना हवं होतं. शिवाय ही मालमत्ता डोळ्यांसमोरची आहे. पॉवरग्रिडच्या इन्व्हिटमध्ये ज्या पाच पारेषण कंपन्या आहेत त्यांत एक वरोऱ्याची आहे. गाडरवाऱ्याहून वरोऱ्याला येणाऱ्या ७६५ केव्हीच्या लाइनचे टॉवर कपाशीच्या शेतांतून उभे आहेत. रस्त्यांचे इन्व्हिट टोलवर चालतात, आणि टोल तर आपण रोज भरतो.

जसा इन्व्हिट हा पायाभूत सुविधांचा ट्रस्ट, तसा रीट म्हणजे ऑफिस, मॉल अशा इमारतींचा ट्रस्ट. आयकर कायदा दोघांनाही ‘बिझनेस ट्रस्ट’ म्हणतो. सेबीच्या नियमानुसार वाटपायोग्य रोखीतला किमान ९० टक्के भाग त्यांना युनिटधारकांना द्यावाच लागतो. आता ट्रस्टकडे पैसा येतो कसा ते पाहू. प्रत्यक्ष लाइन किंवा रस्ता ट्रस्टखालच्या कंपनीच्या नावावर असतो. ट्रस्ट त्या कंपनीत काही पैसा शेअर म्हणून घालतो आणि मोठा भाग कर्ज म्हणून देतो. कंपनी कर्जावर व्याज देते, नफा झाला तर लाभांश देते आणि कर्जाचं मुद्दलही फेडत जाते. हे मुद्दल ट्रस्टमार्फत तुमच्यापर्यंत पोचतं तेव्हा त्याला ‘रिपेमेंट ऑफ डेट’ किंवा ‘रिटर्न ऑफ कॅपिटल’ म्हणतात. ही कमाई नसते. तुम्ही घातलेल्या पैशातलाच हा तुकडा असतो.

आकड्यांत बघू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण घडण खरी आहे. १,००० युनिटं आणि तिमाहीचं वाटप युनिटमागे ३ रुपये. त्यात व्याज १.८० रुपये, लाभांश ०.४० रुपये, कर्जपरतफेड ०.७५ रुपये आणि इतर उत्पन्न ०.०५ रुपये. व्याजावर आणि करपात्र लाभांशावर कलम १९४ एलबीएखाली १० टक्के टीडीएस कापला जातो. म्हणजे २.२० रुपयांवर २२ पैसे, १,००० युनिटांवर २२० रुपये. बँकेत जमा होतात २,७८०. परतफेडीवर टीडीएस नाही. इतर उत्पन्नावरही नाही, कारण त्याचा कर ट्रस्टनंच भरलेला असतो आणि युनिटधारकाच्या हाती ते करमुक्त असतं.

लाभांशाची एक मेख लक्षात ठेवावी. खालच्या कंपनीनं कलम ११५ बीएएचा सवलतीचा कॉर्पोरेट दर घेतला असेल तरच तो लाभांश तुमच्या हाती करपात्र होतो. घेतला नसेल तर तो करमुक्त असतो आणि त्यावर टीडीएसही नसतो. एकाच ट्रस्टखाली दोन्ही प्रकारच्या कंपन्या असू शकतात. त्यामुळे ‘लाभांश’ एवढं वाचून थांबू नये, करपात्र लाभांश आणि करमुक्त लाभांश असे दोन रकाने शोधावेत.

आता वर्षाचं गणित. १,००० युनिटांवर व्याज ७,२००, लाभांश १,६००, परतफेड ३,०००, इतर २००. एकूण १२,०००. टीडीएस ८८०, बँकेत आले ११,१२०. हे ११,१२० तसेच उचलून ‘डिव्हिडंड’ म्हणून दाखवलेली रिटर्नं आम्ही भरपूर पाहतो. त्यात दोन चुका एकदम होतात. कापलेला टीडीएस उत्पन्नात धरायचा राहतो आणि ज्या ३,००० आणि २०० रुपयांवर आज कर नाही त्यांच्यावर कर भरला जातो. लाभांश करपात्र असेल तर बरोबर करपात्र आकडा ८,८०० आहे. पासबुकावरून तो कधीच निघत नाही.

तो निघतो फॉर्म ६४ बी वरून. आर्थिक वर्ष संपल्यावर ३० जूनपर्यंत ट्रस्टनं प्रत्येक युनिटधारकाला हे विवरण द्यायचं असतं. वर्षभरात काय वाटलं, त्यात व्याज किती, लाभांश किती, हे सगळं त्यात असतं. हा फॉर्म हाती येईपर्यंत आम्ही रिटर्न भरायला बसत नाही. खेड्यात इथंच अडतं. डिमॅट उघडताना ईमेल कुणाचा टाकला होता? बहुतेक वेळा सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचा, नाहीतर पुण्याला नोकरीला असलेल्या पुतण्याचा. फॉर्म तिकडे पडून राहतो. ट्रस्टच्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर पॅन आणि डिमॅट क्रमांक टाकून तो बहुधा काढता येतो, पण ओटीपी त्याच जुन्या मोबाइलवर जातो. म्हणून पहिलं काम म्हणजे डिमॅट खात्यात स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घालून घेणं. ब्रोकरकडे अर्ज दिला की ते होऊन जातं. फॉर्म मिळालाच नाही तर दर तिमाहीला ट्रस्ट शेअर बाजाराला जी सूचना देतो तिच्यात युनिटमागची फोड असते. चार सूचना जोडून वर्षाचा आकडा बांधता येतो.

चार सूचना कोणत्या घ्यायच्या यातही गोंधळ होतो. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचं वाटप सहसा मेमध्ये जाहीर होतं. ते ज्या वर्षी वाटलं त्या वर्षात, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात धरायचं. एप्रिल ते मार्चमध्ये बँकेत प्रत्यक्ष जमा झालेल्या ओळी घ्या, तिमाहीचं नाव पाहू नका.

फॉर्म ६४ बी, २६ एएस (खात्याकडची टीडीएसची नोंद) आणि एआयएस (खात्याकडे असलेला तुमच्या व्यवहारांचा गोषवारा) हे तीन कागद शेजारी ठेवून जुळवायचे. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ मेपर्यंत भरलं जातं, म्हणून जूनच्या मध्याआधी २६ एएस पाहण्यात अर्थ नाही. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापलेले दिसतील. ज्यांचं एकूण उत्पन्न करमर्यादेखाली आहे त्यांचाही टीडीएस कापला गेलेला असतो, आणि तो परत हवा तर रिटर्न भरावंच लागतं. चार-पाचशे रुपयांसाठी कोण भरतो असं म्हणून लोक सोडून देतात. सोडू नये. पुढे विक्रीच्या वेळी मागची रिटर्नंच पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

फॉर्म आयटीआर-२ घ्यायचा. धंद्याचं उत्पन्न असेल तर आयटीआर-३. आयटीआर-१ मध्ये बिझनेस ट्रस्टच्या उत्पन्नासाठी जागाच नाही. तसंही शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असलेल्याला आयटीआर-१ चालत नाही, म्हणजे आपल्या भागातल्या बहुतेकांसाठी हा प्रश्न आधीच मिटलेला आहे. आयटीआर-२ मध्ये शेड्यूल पीटीआय (ट्रस्टमार्फत आलेल्या उत्पन्नाचा तक्ता) उघडा. तिथं ट्रस्टचं नाव, ट्रस्टचा पॅन, कलम ११५ यूए, मग शीर्षकनिहाय रक्कम आणि टीडीएस भरायचा. ट्रस्टचा पॅन ६४ बी वरच छापलेला असतो. खालच्या कंपनीचा पॅन टाकू नका, टीडीएस जुळणार नाही. व्याज आणि करपात्र लाभांश इतर स्रोतांच्या उत्पन्नात जातात. करमुक्त भाग त्याच शेड्यूलमधल्या करमुक्तच्या ओळीत. भांडवल परतफेडीचे ३,००० या शेड्यूलमध्ये कुठंच जात नाहीत.

मग ते जातात कुठं? ‘पैसा माहाच होता, तो माह्याकडे परत आला, मंग त्याच्यावर टॅक्स कायले?’ असं विचारणाऱ्याचं म्हणणं खरं आहे, आणि कायदाही तेच मानतो. फक्त कायदा त्याला एक वाक्य जोडतो. तुझा पैसा परत आला असेल, तर तुझी खरेदी किंमतही तेवढ्यानं कमी झाली.

हे वाक्य कायद्यात स्पष्टपणे आलं ते २०२३ मध्ये. त्याआधी ही परतफेड कुणाच्याच हाती करपात्र नव्हती आणि विक्रीच्या वेळी पूर्ण खरेदी किंमत वजा करण्याचीच पद्धत रूढ होती. म्हणजे तोच पैसा परतही मिळायचा आणि खर्च म्हणून वजाही व्हायचा. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थविधेयकात सरकारनं ही सगळी परतफेड इतर स्रोतांचं उत्पन्न म्हणून करपात्र करायचा प्रस्ताव ठेवला होता. तो तसाच राहिला असता तर माणसाच्या मुद्दलावरच कर बसला असता. मार्चमध्ये विधेयक मंजूर होताना तो बदलला, आणि आमच्या मते बदललेली पद्धत न्यायाची आहे. आता दोन पायऱ्या आहेत. परतफेडीची बेरीज युनिटच्या मूळ इश्यू किमतीपर्यंत पोचेतो ती खरेदी किमतीतून वजा होत राहते. इश्यू किमतीच्या वर गेलेला भाग मात्र कलम ५६ च्या पोटकलम २ मधल्या बाराव्या खंडाखाली त्याच वर्षी तुमच्या स्लॅबनं करपात्र होतो.

खरेदी किंमत कमी करण्याची तरतूद कलम ४८ मध्ये आहे, आणि तिची भाषा अशी आहे की किंमत ‘नेहमीच कमी होत आली आहे असं मानलं जाईल’. याचा अर्थ २०१९ किंवा २०२१ मध्ये मिळालेली परतफेडही मोजायची. आम्ही तर त्या काळातच युनिटं घेतली, आम्हाला जुना नियम, असं म्हणता येत नाही.

म्हणून वही लागते. प्रत्येक ट्रस्टला एक पान. वर इश्यू किंमत लिहायची. पॉवरग्रिडच्या इन्व्हिटची १०० रुपये, एम्बसी रीटची ३०० रुपये, माइंडस्पेसची २७५, नेक्ससची १००. त्याखाली बाजारात आल्यापासून आजवर युनिटमागे एकूण किती परतफेड झाली ती बेरीज. ट्रस्टच्या संकेतस्थळावर वाटपाचा इतिहास असतो, त्यावरून ती बांधता येते. मग आपली प्रत्येक खरेदी वेगळी: तारीख, नग, भाव. आणि प्रत्येक खरेदीपुढे त्यानंतरच्या प्रत्येक रेकॉर्ड डेटची (वाटप कुणाला मिळणार हे ज्या तारखेच्या यादीवरून ठरतं तिची) परतफेड वजा करत उरलेली किंमत. रेकॉर्ड डेटच्या दिवशी युनिट डिमॅटमध्ये असेल तरच ती ओळ त्या खरेदीला लागते. सौदा झाल्यावर युनिट पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतं, म्हणून रेकॉर्ड डेटच्याच दिवशी घेतलेल्या युनिटांना ते वाटप मिळत नाही आणि त्यांची किंमतही कमी करायची नाही.

हा हिशेब ब्रोकर करून देईल या भरवशावर राहू नये. ब्रोकरच्या टॅक्स पी अँड एल विवरणात खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव असतो. परतफेड त्यातून वजा केलेली आम्हाला सहसा दिसत नाही. एआयएसमधली विक्रीची नोंदही परतफेडीनंतरची किंमत सांगत नाही.

त्याचा परिणाम किती होतो ते एका विक्रीवरून बघा. जून २०२२ च्या सुरुवातीला ६०० युनिटं ११२ रुपयांनी घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये ४०० युनिटं ९२ रुपयांनी. परतफेड दर तिमाहीला युनिटमागे ७५ पैसे. जुलै २०२५ मध्ये ९६ रुपयांनी ७०० विकली. डिमॅटमध्ये आधी आलेलं आधी गेलं असं धरतात, म्हणून पहिली ६०० पूर्ण गेली आणि दुसऱ्या खरेदीतली १०० गेली. पहिल्या खरेदीला तोवर बारा वाटपं मिळाली, ९ रुपये कमी होऊन किंमत १०३. दुसरीला सहा मिळाली, ४.५० कमी होऊन ८७.५०. पहिल्या ६०० वर युनिटमागे ७ रुपये तोटा, म्हणजे ४,२००. दुसऱ्या १०० वर युनिटमागे ८.५० नफा, म्हणजे ८५०. निव्वळ दीर्घ मुदतीचा तोटा ३,३५०. ब्रोकरचं विवरण काय म्हणेल? ६०० वर १६ रुपयांप्रमाणे ९,६०० तोटा, १०० वर ४ रुपयांप्रमाणे ४०० नफा, निव्वळ तोटा ९,२००. फरक ५,८५० रुपयांचा. हा जास्तीचा तोटा रिटर्नमध्ये पुढे ओढला, तर आठ वर्षांत तो कुठल्यातरी खऱ्या नफ्याला खाईल आणि खात्यानं पकडलं की व्याज व दंडासह उलटेल. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि तो पुढे न्यायचा तर रिटर्न मुदतीत भरलेलं लागतं, हेही याच जागी सांगून ठेवतो.

मुदतीचा नियम २३ जुलै २०२४ पासून बदलला. त्याआधी इन्व्हिट-रीटच्या युनिटांना दीर्घ मुदतीसाठी ३६ महिन्यांहून जास्त ठेवावं लागे, आता १२ महिने पुरतात. एसटीटी (शेअर बाजारातल्या व्यवहारावरचा कर) भरून बाजारात विकल्यास दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांच्या वरच्या भागावर १२.५ टक्के आणि अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के. त्या तारखेआधीच्या विक्रीला जुने दर लागतात.

इश्यू किमतीची पायरी ओलांडण्याची वेळ पारेषणाच्या किंवा इमारतींच्या ट्रस्टमध्ये लवकर येणार नाही. रस्त्यांच्या ट्रस्टमध्ये ती येऊ शकते, कारण टोलचा करार ठरावीक वर्षांचा असतो आणि तो संपला की रस्ता सरकारकडे जातो. अशा ट्रस्टनं नवे रस्ते घेतले नाहीत तर युनिटची किंमत वर्षागणिक विरत जाते आणि वाटपातला परतफेडीचा हिस्सा मोठा असतो. मक्त्यानं घेतलेल्या संत्र्याच्या बागेसारखं हे आहे. बहार संपला की बाग मालकाची, म्हणून मिळणाऱ्या पैशात मुद्दल किती आणि कमाई किती हे आधीच वेगळं करून ठेवावं लागतं. वाटपाचा टक्का पाहून ‘बारा टक्के मिळतात’ म्हणणारे हीच गोष्ट विसरतात. बारातले पाच मुद्दलाचे असतील तर कमाई सातच आहे.

समजा इश्यू किंमत १०० आहे. मागच्या वर्षाअखेर सुरुवातीपासूनची एकूण परतफेड ९७ झाली. यंदा ८ रुपये आली. बेरीज १०५, त्यातून १०० वजा, राहिले ५. हे ५ रुपये यंदा करपात्र, उरलेले ३ खरेदी किमतीतून कमी. पुढच्या वर्षी ६ आली तर बेरीज १११, त्यातून इश्यू किमतीचे १०० आणि आधीच कर लागलेले ५ वजा, म्हणजे पूर्ण ६ करपात्र. लक्षात घ्या, ही बेरीज तुम्हाला मिळालेल्या पैशाची नाही. युनिटला सुरुवातीपासून जे कुणी धारक होते त्या सगळ्यांना मिळालेल्या परतफेडीची आहे. एकूण ५० झाली असताना कुणी ते युनिट बाजारात ६० ला घेतलं असेल तर त्याला स्वतःला ५० मिळून त्याची किंमत १० वर आली असेल, आणि तरीही त्यापुढचे ५ आणि ६ त्याच्या उत्पन्नात जातील. मी तर अजून माझे ६० पण वसूल केले नाहीत, हा युक्तिवाद इथं चालत नाही, कारण सूत्रात तुमची खरेदी किंमत नाहीच, इश्यू किंमत आहे. जुनं, बरंच विरलेलं युनिट स्वस्तात मिळतं म्हणून घेण्याआधी म्हणूनच वाटपाचा इतिहास वाचावा. या करपात्र रकमेसाठी शेड्यूल ओएसमध्ये (इतर स्रोतांच्या उत्पन्नाच्या तक्त्यात) स्वतंत्र ओळ आहे. तिथंच ती भरायची.

हे सगळं बिझनेस ट्रस्टपुरतं झालं. ‘भांडवल परत’ हे शब्द दुसरीकडेही दिसतात आणि तिथं नियम उलटा आहे. म्युच्युअल फंडाचा जुना ‘डिव्हिडंड’ पर्याय एप्रिल २०२१ पासून ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल’ (आयडीसीडब्ल्यू) नावानं ओळखला जातो. नावातच भांडवल काढून घेणं आहे आणि फंड खरोखरच तुमच्या भांडवलातला भाग परत देऊ शकतो. पण करापुरतं ते सगळंच्या सगळं उत्पन्न. खरेदी किंमत एक पैशानंही कमी होत नाही. वर्षाला १०,००० रुपयांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. महिन्याला घरखर्चाला पैसे हवेत म्हणून हा पर्याय घेणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की त्याऐवजी ग्रोथ पर्याय घेऊन एसडब्ल्यूपी (दर महिन्याला ठरावीक रक्कम काढून घेण्याची सोय) लावा. समजा ५ लाख रुपये २० रुपये एनएव्हीनं (एका युनिटच्या भावानं) घातले, २५,००० युनिटं आली. एनएव्ही २२ असताना महिन्याचे ५,५०० काढले तर २५० युनिटं विकली गेली. त्यांची किंमत ५,०००, नफा फक्त ५००. कराचा विचार या ५०० चाच. तेच ५,५०० आयडीसीडब्ल्यूनं आले असते तर पूर्ण ५,५०० उत्पन्नात गेले असते. विमा कंपनीच्या पेन्शन योजनेतही तसंच. एकरकमी भरलेल्या पैशातून महिन्याला येणारी ॲन्युइटी पूर्ण करपात्र, त्यातलं मुद्दल वेगळं काढता येत नाही. कंपनी गुंडाळली किंवा भांडवल कपात केली तर साठलेल्या नफ्याइतका भाग लाभांश समजला जातो आणि उरलेला भाग शेअरचा मोबदला म्हणून भांडवली नफ्याच्या हिशेबात येतो.

शेतकरी कुटुंबांच्या फायद्याची एक गोष्ट मात्र नेहमी निसटते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे अनेकांची मूळ करमर्यादा, म्हणजे नव्या पद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ४ लाख, वापरलीच जात नाही. निवासी माणसाला ही उरलेली मर्यादा युनिटांच्या भांडवली नफ्यापुढे वापरता येते. ट्रस्टचं व्याज आणि बँकेचं व्याज मिळून ६०,००० आणि युनिट विक्रीचा दीर्घ मुदतीचा नफा २ लाख असेल, तर कर शून्य येतो. उलट, १२ लाखांपर्यंत कर नाही हे ऐकून मोठा नफा घेणाऱ्यानं जपावं. ती सूट कलम ८७ ए ची आहे आणि विशेष दराच्या भांडवली नफ्यावरच्या कराला ती लागत नाही. शेतीचं उत्पन्न शेड्यूल ईआयमध्ये (करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात) दाखवायचंच, कारण बाकीचं उत्पन्न मर्यादेवर गेलं की दर ठरवताना ते मिळवून धरतात.

आधीची वर्षं चुकली असतील तर दुरुस्ती दोन्ही बाजूंनी सारखी सोपी नाही. ज्यानं परतफेडही लाभांशात घालून जास्त कर भरला, त्याला सुधारित रिटर्नच्या मुदतीतच धावावं लागतं. ती गेली की अपडेटेड रिटर्ननं परतावा वाढवून मागता येत नाही. ज्यानं तोटा फुगवून दाखवला किंवा उत्पन्न कमी दाखवलं, त्याच्यासाठी अपडेटेड रिटर्नची खिडकी आता ४८ महिन्यांची आहे. जितका उशीर तितका जादा कर वाढत जातो. तोटा दुरुस्त केला तर तो ज्या ज्या वर्षांत पुढे ओढला त्या वर्षांचीही रिटर्नं दुरुस्त करावी लागतात.

सगळ्यात किचकट प्रकरणं येतात ती वारसाहक्काची. वडील गेले, युनिटं नॉमिनी मुलाच्या डिमॅटवर आली. ब्रोकरच्या पडद्यावर खरेदी किंमत शून्य दिसते, नाहीतर ट्रान्सफरच्या दिवसाचा भाव दिसतो. दोन्ही चूक. मुलाची किंमत म्हणजे वडिलांची खरेदी किंमत, आणि तिच्यातून वडिलांना मिळालेली परतफेडही वजा करायची, स्वतःला मिळालेलीही. मुदतही वडिलांच्या खरेदीपासून. घरात दिलेल्या भेटीलाही हाच नियम. म्हणून युनिटं नावावर होण्याआधीच वडिलांच्या खात्याचे काँट्रॅक्ट नोट, होल्डिंग स्टेटमेंट आणि सगळ्या वर्षांचे ६४ बी काढून ठेवायचे. डिमॅट बंद झालं आणि मोबाइल क्रमांक दुसऱ्याला गेला की हे कागद मिळवायला फार हेलपाटे पडतात. कागद नसतीलच तर ट्रस्टच्या जुन्या सूचना आणि वडिलांच्या बँकेच्या नोंदी जोडून पान तयार करता येतं. बँकेत आलेल्या रकमेत टीडीएस मिळवायचा, त्याला युनिटमागच्या वाटपानं भागायचं, म्हणजे त्या रेकॉर्ड डेटला हाती किती युनिटं होती ते निघतं. वरच्या उदाहरणात २,७८० अधिक २२० म्हणजे ३,०००, भागिले ३, म्हणजे १,००० युनिटं. एका तिमाहीतून पुढच्या तिमाहीत हा आकडा वाढला की मधे खरेदी झाली, आणि त्या काळातल्या बँक नोंदीत ब्रोकरला गेलेली रक्कम सापडते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू आहे. त्या तारखेपासूनच्या वाटपाला आणि विक्रीला नवी कलमं लागतात, म्हणून इथं दिलेले कलमांचे क्रमांक मार्च २०२६ पर्यंतच्या व्यवहारांसाठी वापरा. मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्याखालीच भरायचं आहे. परतफेड किमतीतून वजा करण्याची पद्धत नव्या कायद्यातही तीच राहिली आहे, त्यामुळे वहीतलं पान बदलायची गरज नाही. शेवटची उरलेली किंमत पुढच्या वर्षाच्या पहिल्या ओळीत उतरवायची आणि मे महिन्याच्या वाटपाची नोंद तिच्याखाली घ्यायची.